रस्त्याने चाललेली खोली

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नानिमित्त आम्हांस महूला जाण्याचा योग आला. इंदूर सोडून राऊच्या चौफुलीपाशी येतो न येतो, तोच वाहनांची रांग खोळंबलेली दिसली. उन्हाचा कडाका होता, मुहूर्त जवळ येत चालला होता आणि आमच्या सौभाग्यवतींच्या मांडीवर आहेराचे ताट होते. रांगेच्या अग्रभागी एक लांबलचक ट्रेलर वळण घेता घेता अडकला होता, आणि त्या ट्रेलरवर एक खोली होती. खोलीचे सामान नव्हे, खोली! दोन खिडक्या, त्यांना जाळी, एक दार, दाराला कुलूप. खिडकीतून आतला छताचा पंखा दिसत होता. त्याची पाती प्रवासात फिरू नयेत म्हणून सुतळीने बांधून ठेवली होती. दारावर निळ्या रंगात 'कार्यालय' अशी अक्षरे होती. कोणाचे कार्यालय, ते लिहिण्यासाठी जागा मोकळी सोडली होती.

चहाच्या टपरीवरचा पोरगा कपांची चळत सावरीत आमच्या गाडीपाशी आला आणि म्हणाला, "काकाजी, ये दफ्तर कहाँ जा रहा है?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. आमच्यासमवेत आमचे एक जुने स्नेही होते. सैन्याच्या अभियंता दलात उभी हयात घालवून ते निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. ते एक शब्दही न बोलता गाडीतून उतरले आणि थेट त्या ट्रेलरपाशी जाऊन, वाकून, खोलीचे कोपरे न्याहाळू लागले. ड्रायव्हर त्यांच्याकडे संशयाने पाहत होता. त्यांनी काय पाहिले, ते पुढे सांगू. त्या पंधरा मिनिटांच्या खोळंब्याने आमच्या डोक्यात जे विचारांचे चक्र सुरू झाले, ते अद्याप थांबलेले नाही, म्हणून या महिन्याचे हे पान त्या खोलीच्या नावे.

आधी 'राऊ' या नावाविषयी दोन शब्द. मराठी माणसाच्या कानावर हा शब्द पडला की त्याला पहिला बाजीराव आठवतो आणि हे गाव त्याच्याच नावाचे असावे असे म्हणण्याचा मोह होतो. तसा पुरावा आमच्या पाहण्यात नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा. परंतु एक गोष्ट खरी, की येथून दक्षिणेस घाट उतरून गेल्यावर नर्मदाकाठी रावेरखेडी लागते, आणि तेथे २८ एप्रिल १७४० रोजी बाजीरावाने देह ठेवला तो शनिवारवाड्यात नव्हे, तर छावणीत. ज्याने पुण्यास एवढा वाडा उठविला, त्याचे आयुष्य मात्र मुख्यतः कापडाच्या घरांत गेले. डेरे, राहुट्या, कनाती: दांडा वेगळा, कापड वेगळे, दोऱ्या वेगळ्या, मेखा वेगळ्या, संध्याकाळी उभारायचे, पहाटे उंटावर लादायचे. लष्करी इमारत ही मुळात अशी सुट्या भागांची असते. जागेवर पक्के बांधकाम करण्याची चैन लष्कराला क्वचितच मिळते.

आणि वाडा तरी काय निराळा होता? आमच्या आजीच्या तोंडी घराचे माप कधी फुटांत आलेले आम्हांस आठवत नाही. "माजघर पाचखणी होते," "त्यांचे अख्खे बिऱ्हाड दोन खणांत राहते," अशीच भाषा. हल्लीच्या मुलींना खण म्हटले की चोळीचा खण आठवतो, मुलांना टेबलाचा खण; पण दोन खांबांमधले किंवा दोन तुळयांमधले जे अंतर, तोही खणच. सागाचे लाकूड जेवढ्या लांबीचे मिळेल आणि गडी जेवढे उचलू शकतील, त्यावरून खणाचे माप ठरे. एकदा ते ठरले की खांब, तुळया, कड्या, फळ्या सारे त्या मापाला बांधलेले. घर वाढवायचे तर खण वाढवायचे. सुतार लाकडे आपल्या पडवीत तासून, कुसू आणि खाचा पाडून, प्रत्येकावर खूण करून आणी आणि जागेवर नुसती जुळवी. इंग्रजीत ज्याला हल्ली 'मॉड्यूल' म्हणतात आणि ज्याचे कारखानदार मोठ्या अभिमानाने माहितीपत्रक छापतात, ती वस्तू आमच्या आजीच्या बोलण्यात होती. फक्त तिला माहितीपत्रक नव्हते.

या जुळवणीचा एक मोठा गुण असा, की जे जुळविता येते ते उकलताही येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्यांनी मस्तानी महाल पाहिला असेल, त्यांना आठवेल की तो कोथरूडच्या मूळ जागी नाही. तेथील वास्तूचे उरलेले लाकडी भाग सोडवून आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले आहेत. विटांची भिंत अशी उचलून नेता आली नसती. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचेही तसेच: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत बरेचसे लाकूड गेले. परंतु त्या लाकडी सांगाड्याची रीत जाणकारांना ठाऊक होती, म्हणून पुढे जुन्या पद्धतीस धरून पुनर्बांधणी होऊ शकली. लाकडाला आगीचे भय असते, हे खरेच. जळालेल्या भागाच्या जागी दुसरा भाग बसविता येतो, हेही खरे.

आता महूकडे वळू. नाहीतरी आम्ही तिकडेच निघालो होतो. महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी माल्कमसाहेबाने होळकरांच्या राजधानीपासून काही कोसांवर ही छावणी वसविली. लांबच लांब बराकी, भोवती रुंद व्हरांडे, उंच छपरे; एक पाहिली की सगळ्या पाहिल्या. ही एकसुरी रचना योगायोगाने आलेली नाही. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याविषयी नेमलेल्या राजकीय आयोगाने १८६३ मध्ये आपला अहवाल दिला. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची अथक चिकाटी होती. गोरा सोल्जर लढाईपेक्षा बराकीतल्या दाटीने, घाणीने आणि तापाने अधिक मरतो, हे त्या अहवालाने आकड्यांनिशी दाखविले. त्यानंतर ठराविक नकाशांप्रमाणे, प्रत्येक माणसास किती हवा आणि किती जागा हवी याचा हिशेब करून, देशभर बराकी उठल्या. हिंदी शिपायांच्या वस्त्यांकडे मात्र तेवढ्या तातडीने कोणी पाहिले नाही. याच महूच्या काळ्या पलटणीच्या वस्तीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी बाबासाहेब जन्मले, हे सांगावयास हवेच काय? आज गावाचे अधिकृत नावच डॉ. आंबेडकर नगर आहे.

पण ठराविक नकाशा म्हणजे सुटे भाग नव्हेत. तो प्रयोग त्याआधी क्रिमियाच्या युद्धात झाला होता. स्कुटारीच्या इस्पितळातील दुर्दशेचा इंग्लंडात बोभाटा झाला, तेव्हा १८५५ साली ब्रुनेल या रेल्वे आणि जहाजे बांधणाऱ्या अभियंत्याला लाकडी इस्पितळाचा आराखडा करण्यास सांगण्यात आले. त्याने एक दालन योजिले आणि हवी तेवढी दालने एका लांब मार्गिकेला जोडत जायचे, असा बेत केला. प्रत्येक दालनाबरोबर त्याचे स्वतःचे मोऱ्यांचे व हवेचे साधन होते. ताजी हवा आत ढकलणारा हाताने फिरवायचा पंखादेखील होता. सारे इंग्लंडात कापून, जहाजावर लादून, दार्दानेल्सच्या किनाऱ्यावर रेंकिओई येथे उभे केले. तेराशेंवर रुग्ण तेथे आले, त्यांपैकी पन्नासएक दगावले. त्या युद्धातील इतर इस्पितळांच्या मानाने हे प्रमाण फारच थोडे. लक्षात घ्यावे असे, की ब्रुनेलने आधी मोरी आणि हवा यांचा विचार केला, भिंतीचा नंतर.

पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, निसेन नावाच्या अधिकाऱ्याने पन्हाळी पत्र्याची अर्धवर्तुळाकार झोपडी काढली. ती एका लष्करी गाडीत मावे आणि सहा माणसे चार तासांत उभी करीत. चिखलात कुडकुडणाऱ्या शिपायांचे ती मोठे आश्रयस्थान झाली. आतल्या गोल भिंतीला कपाट चिकटवून ठेवता येत नाही, ही तक्रार त्यात राहिलेल्यांनी पुढे कित्येक वर्षे केली, असे म्हणतात. गृहिणींना या तक्रारीचे मर्म सांगावे लागणार नाही.

आमच्या स्नेह्यांचे प्रेम मात्र तिसऱ्याच वस्तूवर आहे, ती म्हणजे बेली पूल. गाडी खोळंबली असता त्यांनी त्याविषयी आम्हांस जे सांगितले, ते आमच्या अंतःकरणावर ठसले. डॉनल्ड बेली हा ब्रिटिश युद्धखात्यातील नोकर. त्याने १९४०-४१ च्या सुमारास हा पूल कल्पिला. त्याचे मूळ एक पोलादी चौकट: दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन सुमारे २६० किलो. "२६०च का, ठाऊक आहे?" त्यांनी विचारले. आम्ही मान हलविली. "सहा माणसांना उचलता यावी म्हणून. यारी नको, मोटार नको, सहा शिपाई पुरेत. आणि एका चौकटीला दुसरी जोडायची ती खिळीने. खिळ ठोकली की पूल, खिळ काढली की ढीग."

त्या चौकटींनी आपल्या माणसांचे काय भले केले, ते दोन प्रसंगांवरून सांगतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस जीव गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ती सकाळ मुंबईत नातलग असलेल्या कोणत्याही घराला विसरता येणार नाही. त्यानंतर सैन्याला पाचारण करण्यात आले आणि एल्फिन्स्टन रोड, करी रोड व आंबिवली येथील तीन पादचारी पूल बेलीच्या भागांनी उभारून २७ फेब्रुवारी २०१८ रोजी लोकांसाठी खुले झाले. सीमेवर राहणाऱ्या सैन्याने शहरातल्या नागरी कामास का जुंपून घ्यावे, असा वाद तेव्हा झाला होता. तो वाद आम्हांस निरर्थक वाटत नाही. पण पुलावरून सुखरूप घरी गेलेल्या माणसाला तो वाद करावयास वेळ मिळाला, हेही खोटे नाही.

दुसरा प्रसंग वायनाडचा. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळातील त्या डोंगराळ भागात दरड कोसळून वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या आणि चूरलमला येथील पूल वाहून गेल्याने पलीकडे मदत पोहोचेना. मद्रास सॅपर्सच्या तुकडीने वाहत्या पाण्यात, पावसात, १९० फूट लांबीचा बेली पूल उभा करून १ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यावरून वाहने नेली. या तुकडीचे नेतृत्व करणाऱ्यांत होत्या मेजर सीता शेळके. नगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावची ही लेक. पुलाच्या कठड्यावर उभे असलेले त्यांचे छायाचित्र देशभर सर्वांनी पाहिले. आमच्या सौभाग्यवतींनी ते कात्रण कापून देवघराशेजारच्या कपाटाला आतून चिकटविले आहे. आम्ही कारण विचारले नाही.

हे सारे ऐकून वाचकांना वाटेल, की मग सरकारने सगळ्याच इमारती अशा कराव्यात, झटपट आणि स्वस्त. सरकारलाही ते फार पूर्वी वाटले होते. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी दिल्ली भरून गेली, तेव्हा १९४८ मध्ये तेथे सरकारी घरांचा कारखाना निघाला. ऑटो कोनिग्सबर्गर या म्हैसुरात काम केलेल्या जर्मन वास्तुविशारदाकडे तेव्हा देशाच्या गृहनिर्माणाची सूत्रे होती. भिंतीची पटले कारखान्यात ओतायची आणि जागेवर पत्त्यांच्या बंगल्यासारखी जोडायची, असा बेत होता. पण पटले हाताळताना तडकू लागली. घरे उभी राहण्याऐवजी संसदेत प्रश्न उभे राहिले. पुढे तोच कारखाना विजेचे खांब, रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपर अशा वस्तूंवर तगला आणि १९७८ मध्ये त्याला 'हिंदुस्थान प्रीफॅब' हे नाव मिळाले. पत्ते हुकले तरी खेळणारा उठून गेला नाही, एवढे श्रेय त्याला द्यावयास हवे.

त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारले, यात शंका नाही. २०२० च्या महामारीत संरक्षण संशोधन संस्थेने दिल्लीच्या विमानतळाजवळ एक हजार खाटांचे इस्पितळ बारा दिवसांत उभे केले. १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत नव्या पद्धतीच्या घरांची पायाभरणी झाली, त्यांत आपले इंदूर होते. रांचीच्या वाट्याला अख्ख्या खोल्या ओतून एकावर एक रचण्याची रीत आली, तर इंदूरच्या १,०२४ घरांसाठी पोलादी सांगाडा आणि त्यात बसवायची कारखान्यातली पटले, ज्यांत दोन पातळ फळ्यांमध्ये थर्मोकोलच्या कणांचे हलके सिमेंट भरलेले असते. लडाखात त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी उन्हाच्या उबेवर चालणारा तंबू करून दाखविला. दहाएक जवान त्यात राहू शकतात आणि त्याचा कोणताही सुटा भाग तीस किलोंहून जड नाही, कारण तो पाठीवरून न्यावयाचा असतो. पुन्हा तेच! भागाचे माप माणसाच्या पाठीवरून ठरले आहे, आजीच्या खणासारखे आणि बेलीच्या चौकटीसारखे.

आणि इथेच आमच्या मनात पाल चुकचुकते.

आमची सून राऊच्या पलीकडील एका गावातील सरकारी शाळेत शिकविते. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशा शाळा अनेक आहेत. जुनी इमारत पडावयास आली, म्हणून तेथे "दोन वर्षांपुरत्या" चार तयार खोल्या आणून बसविल्या. चारही तीन दिवसांत उभ्या राहिल्या, फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. त्याला आता नऊ वर्षे होऊन गेली. पहिल्या वर्षी मुले खूष होती; गुळगुळीत भिंती, नवा फळा. दुसऱ्या पावसाळ्यात छताच्या सांध्यातून पाणी ठिबकू लागले. माळव्याची काळी जमीन कशी असते, ते येथील माणसास सांगावयास नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. रुडकीच्या संशोधकांनी अशाच जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगीर केलेला खुंट फार वर्षांपूर्वी शोधून काढला आहे. पण हलक्या खोलीला पाया कशाला, असे कोणीतरी ठरविले असावे. जमीन हलली, चौकट किंचित वाकली, सांधे उघडले. चौथ्या वर्षी चेंडू लागून एका भिंतीचे पटल फुटले. ते बदलावयाचे, तर पुरवठादाराकडे त्या मापाचे पटल नव्हते. नवी पटले थोडी अधिक रुंद निघतात, ती जुन्या खाचेत जात नाहीत. फटीत आधी प्लायवूड आले, मग पत्रा, सध्या तेथे निवडणुकीच्या फलकाची उलटी बाजू आहे. पातळ पत्र्याची भिंत जेवढी झटकन तापते तेवढीच झटकन निवते. पण शाळा दुपारी भरते, रात्री नव्हे. एप्रिलमध्ये बारा वाजले, की वर्ग कडुनिंबाखाली जातो आणि सूनबाई फळा पाठीशी धरून उभ्या राहतात.

तक्रार केली तर उत्तर मिळते, की इमारत तात्पुरती आहे, तिच्यावर दुरुस्तीचा खर्च कसा मंजूर करावा? नवी इमारत मागितली तर उत्तर मिळते, की वर्ग तर भरत आहेत! या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत ती चाळीस-पन्नास मुले नऊ वर्षे बसली आहेत. पहिल्या वर्षी जी पहिलीत होती, ती ते छत डोक्यावर घेऊन शाळा सोडून गेली.

'तात्पुरते' या शब्दाचा हा स्वभाव जुना आहे. किल्लारीच्या भूकंपाची आठवण काढू. गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर-उस्मानाबादकडची गावे दगडमातीच्या जड भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. उरलेल्यांना पत्र्याच्या निवाऱ्यांत ठेवावे लागले. त्या प्रसंगी दुसरे काय करता आले असते? पत्रा अंगावर पडून माणूस मरत नाही, ही त्या दिवसांत केवढी मोठी गोष्ट होती! पण पुढचे उन्हाळे त्या पत्र्याखाली काढलेल्या बायाबापड्यांना विचारले, म्हणजे निवारा आणि घर यांतला फरक कळतो. झटपट उभारलेल्या वस्तूला आम्ही नावे ठेवीत नाही. तिची मुदत कोणी मोजीत नाही, हे आम्हांस खटकते.

सैन्याचे निराळे का होते, असा प्रश्न आम्ही त्या स्नेह्यांना विचारला होता. त्यांचे उत्तर सरळ होते. चौकट तीच, पण तिच्यामागे भांडार असते. भांडारात जादा चौकटी, जादा खिळी, वंगण घातलेल्या. वर्षाकाठी मोजणी होते. खिळ कमी भरली तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. आणि उभारणाऱ्यांनी तोच पूल सरावात कैक वेळा बांधलेला आणि उलगडलेला असतो. "आम्ही बांधण्याचा जेवढा सराव करीत होतो, तेवढाच मोडण्याचाही," ते म्हणाले. नागरी खात्याने खोली विकत घेतली, तेव्हा तीन दिवसांची घाई तेवढी विकत घेतली. भांडार घेतले नाही, मोजणी घेतली नाही आणि मोडण्याचा सराव तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी सूनबाईंच्या आग्रहाने हे गृहस्थ ती शाळा पाहून आले होते. खिशातून पाना काढून त्यांनी भिंतीचा एक सांधा उकलण्याचा प्रयत्न केला. पाना लागेना, कारण तेथे बोल्ट नव्हतेच. पत्र्यावर पत्रा ठेवून रिव्हेट ठोकले होते. रिव्हेट काढावयाचे तर छिद्र पाडून त्याचे डोके उडवावे लागते, आणि तसे करता करता पत्रा फाटतो. ते बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हा सांधा उघडण्यासाठी केलेलाच नाही. मग ही खोली कारखान्यात का केली? इथेच विटांनी बांधायची होती."

परत येऊन त्यांनी सूनबाईंना एक अर्ज लिहून दिला. आम्ही तो वाचला आहे. मागण्या मोजक्या होत्या. पुढे केव्हा अशा खोल्या आल्याच, तर दर खोलीमागे भिंतीची दोन व छताचे एक पटल जादा द्यावे. सांधे बोल्टचे असावेत. पाना शाळेत ठेवावा. खोली आली ती तारीख आणि ती हलविण्याची तारीख, दोन्ही दारावर रंगवाव्यात. आणि गावातील एका तरी सुताराला किंवा लोहाराला उभारणीच्या वेळी हाताशी घ्यावे. अर्ज पोहोचल्याची पावती मिळाली आहे. त्यावर अद्याप उत्तर नाही. सूनबाईंनी मात्र मुलांकडून चारही खोल्यांच्या दारांवर खडूने त्या आल्या त्या वर्षाचा आकडा लिहून घेतला. तो पुसला की मुले पुन्हा लिहितात.

आता राऊच्या त्या चौफुलीवर परत येऊ. रांग हलू लागली, ड्रायव्हर इंजिन सुरू करू लागला, तेव्हा स्नेही कोपऱ्यामागून कोपरा पाहत ट्रेलरला पूर्ण प्रदक्षिणा घालून आले. हातांना वंगण लागले होते. आमच्या सौभाग्यवतींनी आहेराच्या ताटावरचा रुमाल वाचवून त्यांना जुने वर्तमानपत्र पुसावयास दिले.

"काय पाहिलेत?" आम्ही विचारले.

"तीन कोपऱ्यांना बोल्ट आहेत," ते म्हणाले, "चौथ्याला वेल्डिंग."

ट्रेलर वळला आणि पिथमपूरच्या रस्त्याला लागला. दारावरची मोकळी जागा बरीच लांबपर्यंत दिसत होती. आम्ही महूला पोहोचलो, तेव्हा मंगलाष्टके संपून अक्षता पडून गेल्या होत्या.